चंदाबाईच्या नावाचं रक्त

"बारा पाह्यजे आई, हिमोग्लोबिन कमीत कमी बारा! तुझं सहा पॉइंट आठ आहे, अन् तू म्हणते मी उद्या रोवण्याले जातो?"

"कोणं ठरवलं बारा?" चंदाबाईनं पायांवर पाणी ओतत विचारलं. भातलावणीचा पिंढऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता.

"पुस्तकात आहे."

"पुस्तक कोणं लिहिलं?"

"मोठ्या डॉक्टरांनी. अजून कोण लिहिणार?"

"त्यांनी केला का कधी रोवणा? सकाळपासून वाकून आली मी. टोळीतल्या पोट्ट्या हाशहूश करत होत्या, मी नाई केली. सहावाली बाई असं काम करते का?"

"तेच तर भेव वाटते मले!" दिव्यानीचा आवाज चढला. ब्रह्मपुरीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही पोरगी परीक्षेआधीच्या सुटीवर घरी आली होती, आणि आल्या दिवसापासून घरात आकड्यांशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. ओसरीच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी तिनं एक मोठा कागद चिकटवला होता. त्यावर रक्तातल्या हरएक गोष्टीचं कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, ते लिहिलेलं. जाता येता ती तेच घोकत राही.

"एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस," खाटेवरून लटारू म्हणाला. "हा टमाटरचा भाव होय का व?"

"बाबा, ते सोडियम आहे. तुम्ही मधात बोलू नका."

"नाई बोलत. पण तुझ्या मायले काई होत नाई, मी सांगतो. तिच्या अंगात रक्त कमी असतं तर या घरात इतका आवाज राह्यला असता का?"

रोशन गाडीला टेकून उभा होता. "आई, उद्या मी नेतो तुले दवाखान्यात. मधात अर्धा दिवस. काय बिघडते?"

चंदाबाईनं मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे. "तुम्हाले काऊन एवढी घाई झाली मले दवाखान्यात टाकाची? टोळी कोणाच्या हाती द्याची आहे? बोला नं."

"घ्या, आता टोळी निघाली," रोशननं हात झटकले.

आत गॅसजवळ पुनम, रोशनची बायको, भाजी चिरत बसली होती. तिच्या बांगड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. एवढ्या आरडाओरड्यात ते फक्त चंदाबाईच्या ध्यानात आलं. कारण गावच्या आशा कार्यकर्त्या नीलाबाईनं दुपारी दिव्यानीच्या हातात दिलेल्या त्या रिपोर्टवर नाव चंदाबाईचं होतं, वय चंदाबाईचं होतं. रक्त मात्र पुनमचं होतं. घरात ही गोष्ट त्या दोघींनाच ठाऊक होती.

*

चंदाबाईचा विश्वास कशावरच नव्हता. सिलेंडर आला की ती तो हातानं उचलून हलवून पाही. भरला आहे असं भरणारा सांगतो, म्हणजे कमी भरला असणार. दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन ती त्याच्या डोळ्यांदेखत नखावरून ओघळू देई. जीपवाला "लगेच निघतो बाई" म्हणाला, की ती बसायची नाही. गाडीत किती माणसं बसली आहेत ते वाकून बघायची, मग बसायची. लटारू म्हणायचा, माझं लगन झालं तेव्हा हिनं मलेही वाजवून पाह्यलं होतं. त्यावर ती म्हणे, "वाजवलं होतं, पण फुटका आवाज आला तेव्हा मांडव पडून गेला होता."

तिला हे असंच लागलेलं नव्हतं. ती लगन होऊन या गावात आली, तेव्हा रोवण्याच्या टोळीत नव्या सुनेला कोंडायची पद्धत होती. रोवणाऱ्या बाया ओळीनं उभ्या राहतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. एकीचा हात धीमा पडला की दोन्ही बाजूच्या बाया झपाझप मागे निघून जातात आणि ती एकटी पुढे राहते, तिन्ही अंगांनी हिरव्या पऱ्ह्यांत, भाताच्या रोपांत कोंडलेली. मग सगळ्या हसतात. चंदाबाईला पहिल्याच दिवशी कोंडलं होतं. शेजारची म्हणाली होती, "तू आरामात रोव, बाई, मी आहे तुझ्यासोबत." तीच सगळ्यांत आधी मागे पळाली. त्या दिवसानंतर चंदाबाई कधी कोंडली गेली नाही आणि "मी आहे तुझ्यासोबत" म्हणणाऱ्या माणसावर तिनं कधी भरवसा ठेवला नाही. हात असा चालवला की काही वर्षांत टोळीची म्होरकी तीच झाली. आता कुणाच्या धानाच्या बांधीत आधी जायचं, कोणती बाई कुठं उभी राहील, जेवण केव्हा सुटेल, हे ती ठरवी. शेतमालकही तिला चंदाबाई म्हणून हाक मारीत, लटारूची बायको म्हणून नाही.

गावातल्या रक्ततपासणीच्या शिबिराची तिला भीती वाटत होती ती यामुळेच. तिच्या टोळीतली झिंगूबाई चांगली धडधाकट बाई होती. दोन पावसाळ्यांमागे शाळेतल्या शिबिरात तिचं रक्त घेतलं, साखर निघाली म्हणाले, गोळ्या दिल्या, आणि त्या वर्षापासून झिंगूबाई रोवण्याला आली नाही. आता ती दारात बसून नातवंडं राखी आणि टोळीत तिच्या जागी तिची सून येई. आजार आधी होता आणि कागद नंतर आला, असं सगळं गाव म्हणत होतं. चंदाबाई म्हणत होती, कागद आला तेव्हापासून आजार सुरू झाला.

म्हणून या खेपेला नीलाबाई तीस वर्षांवरच्या बायांची यादी घेऊन दारात आली, तेव्हा चंदाबाईनं तोंडावर नाही म्हटलं नाही. नीलाबाईला नाराज करणं परवडणारं नव्हतं. सुनेचं बाळंतपण तिनंच निस्तरलं होतं. चंदाबाईनं "येतो, येतो" म्हटलं आणि पुनमला पाठवलं. "पदर घे डोक्यावरून. नाव विचारलं तर माझं सांग. नीलाबाई चहा सांगाले गेली का बस." तालुक्याहून आलेला टेक्निशियन नवा होता. त्यानं वय यादीतून उतरवलं, तोंडाकडे पाहिलंच नाही.

तरण्याताठ्या सुनेचं रक्त दिलं म्हणजे चांगलाच कागद येईल आणि आपली कटकट मिटेल, असा चंदाबाईचा हिशोब होता.

*

"इकडे ये, उजेडात," दिव्यानी म्हणाली. तिनं हात पुसले, आईचं तोंड अंगणाकडे वळवलं आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली.

"काय करून राह्यली व? डोळा काढतं का?"

"थांब." तिनं दुसरीही पापणी ओढून पाहिली. मग नखं दाबून पाहिली, जीभ काढायला लावली. तिच्या कपाळावर आठी पडली. "सगळं लाल आहे. सहावाल्या माणसाचे डोळे आतून पांढरे पडतात. तुझे तर डाळिंबासारखे आहेत."

"मी काय म्हणत होती?"

"मग रिपोर्टच चुकला असन. नाई तर नळ्यांची अदलाबदल झाली असन." दिव्यानीनं रिपोर्ट घडी करून ठेवला. "नीलाबाईले सांगतो. उद्या संध्याकाळी परत रक्त घे म्हणा, एकदा."

"मशीनच बिघडली असन," लटारू म्हणाला. "माणसं सुदरली नाई, मशीन कुठून सुदरते?"

चंदाबाई एकदम हलकी झाली. उद्या आपला स्वतःचा हात पुढे केला की झालं. चांगला आकडा येईल, मशीनवर खापर फुटेल, आणि शिबिरात कोण बसलं होतं हे कुणी विचारणारही नाही.

तरी जाता जाता तिनं लेकीला टोचलंच. "तुझ्या त्या बाराचं मले समजलं नाई. कोणाचं रक्त पाहून ठरवलं?"

"हजारो निरोगी लोकांचं तपासतात आई. शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं ज्या दोन आकड्यांच्या मधात येते, ते नॉर्मल."

"त्यात आपल्या गावची कोण होती?"

दिव्यानी घडी केलेला रिपोर्ट पुन्हा उलगडू लागली.

"माझ्या टोळीतल्या सगळ्या बायांचं नऊ निघालं. नीलाबाईनंच सांगितलं. सगळ्यायचं नऊ, मंग नऊच नॉर्मल नाई का?"

"हेच मी वर्गात विचारलं होतं," दिव्यानी म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, गावात सगळ्यांची घरं गळत असली म्हणून गळकं घर चांगलं होत नाई."

"तुझ्या मॅडमचं घर सिमेंटचं असन," चंदाबाई म्हणाली आणि आत गेली.

पुनम हंडा घेऊन बोअरिंगवर निघाली होती. चंदाबाई तिच्या मागोमाग गेली. हँडल मारताना पुनम मध्येच थांबली.

"मामी," सासूला ती मामीच म्हणे, "ते सहा..."

"चूप. मशीन बिघडली होती म्हणते दिव्यानी."

"पण मामी, मले दम लागते. जिना चढली का छातीत..."

"काल रात्री नाई लागला दम, आज आकडा ऐकला अन् लागला?" चंदाबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "रोवण्यातून सुटाचं आहे का तुले? तसं सांग. रक्ताचं नाव काऊन करते?"

पुनमनं हंडा उचलला. पाणी तिच्या खांद्यावर सांडलं.

*

पुनमवर चंदाबाईचा आणखी एक संशय होता, आणि तो पोटात ठेवून ती बरेच दिवस चालली होती. कोठीतले तांदूळ कमी होत होते. पोतं भरून नव्हे, मूठ मूठ. आधी तिला उंदीर वाटला. पण उंदीर झाकण लावून जात नाही. पुनमचं माहेर गोंडपिपरीकडे. तिचा भाऊ विक्की दर महिन्या-दोन महिन्यांनी बहिणीला भेटायला येई आणि जाताना त्याच्या हातात पिशवी असे. चंदाबाईनं मनाशी जुळवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोवण्याला निघायच्या आधी तिनं कोठी उघडली, तांदूळ हातानं सपाट केले आणि त्यावर आपला पंजा उमटवला. पाचही बोटं स्वच्छ. मग झाकण लावलं.

बांधीत त्या दिवशी पुनम कोंडली गेली. दोन्हीकडच्या बाया मागे सरकल्या आणि ती हिरव्या पऱ्ह्यांच्या मधोमध एकटी वाकून राहिली. म्होरकीची सून कोंडली म्हणून हसायला जरा जास्तच जोर आला.

"चंदाबाई, सुनेले इथंच पेरून जातं का?" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

"उगवन तरी!" दुसरी म्हणाली.

चंदाबाईचं तोंड तापलं. "ए पुनम! हात चालव!"

पुनम सरळ झाली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती उभी होती आणि तिची पाठ लोहाराच्या भात्यासारखी वर-खाली होत होती. मग ती चिखल तुडवत, पऱ्हे मोडत आली आणि बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर मटकन बसली. ओठ सुकल्या मातीच्या रंगाचे दिसत होते.

आकडा ऐकल्यापासून नाटकाला रंग चढला, असं चंदाबाईला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला एक गोष्ट सुचली. ती गोड आवाजात म्हणाली, "जा घरी. लेकराले पाज. जेवून मग ये."

पुनमनं चकित होऊन पाहिलं, उठली आणि हळूहळू निघाली. ती वळणाआड गेल्यावर चंदाबाईनं टोळीला सांगितलं, "मी पऱ्हे बांधाले दोरी आणतो," आणि दुसऱ्या वाटेनं, शेजारच्या सुकलूच्या वाडीतून, घराच्या मागच्या दाराला आली. आज तिला पिशवीसकट पकडायची होती. काय बोलायचं तेही तिनं वाटेत जुळवून ठेवलं होतं: "माहेर पोसाले माझा तांदूळ लागते का?" एवढं एकच वाक्य, पण रोशनसमोर.

ती पोत्यांच्या आडोशाला उभी राहिली.

पुनम आत आली. कडेवर तिची छोटी लेक पिंकी होती. तिनं कोठीचं झाकण उघडलं, मूठ भरली आणि दाराकडे बघितलं. पिशवी नव्हती, फडकंही नव्हतं. मूठ तिनं सरळ तोंडात कोंबली.

कराकरा आवाज आला. कच्चे तांदूळ ती अशी चावत होती जशी उपाशी पोरं मुरमुरे चावतात, डोळे मिटून. पिंकीनं आईच्या तोंडाकडे हात नेला, तो तिनं बाजूला सारला आणि दुसरी मूठ भरली. कण तिच्या हनुवटीवरून खाली पडत होते.

चंदाबाईचं वाक्य तोंडातच राहिलं. घरात शिजलेला भात होता, सकाळीच उतरवला होता. भाजी होती. हिला भूक लागली तर कोण अडवणार होतं? चोरी ती समजू शकत होती. हे काय होतं ते तिला समजेना, आणि जे समजत नाही त्याला ती सगळ्यांत जास्त घाबरे.

पुनम आतल्या खोलीत गेल्यावर ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि वळसा घालून पुढच्या ओसरीवर आली. दिव्यानी भिंतीला पाठ लावून घोकत होती. "पोटॅशियम साडेतीन ते पाच... पांढऱ्या पेशी चार हजार ते अकरा हजार..."

"दिव्यानी, एक सांग. माणूस कच्चे तांदूळ काऊन खाते?"

"कच्चे?" दिव्यानीनं पुस्तक खाली केलं. "खूप?"

"मुठीनं. लपून."

"अंगात लोह कमी झालं का खातात. कोणी माती खाते, कोणी पाटीची पेन्सिल, कोणी तांदूळ. त्याइले स्वतःले समजत नाई काऊन ते. आवरत नाई अन् लाज वाटते, म्हणून लपवतात." ती थांबली. "कोण खाते?"

"टोळीतली एक आहे."

"बाळंत झाली का एवढ्यात?"

चंदाबाई खांबाचा पोपडा नखानं काढत राहिली. "झाली म्हण."

"मग तिले पहिले दवाखान्यात धाड. आठच्या खाली गेलं का हृदयाले जास्तीचं काम पडते. दम लागते, चक्कर येते. अशी बाई एखाद दिवशी बांधीतच पडन आई, अन् तुम्ही म्हणाल नाटक करते."

भिंतीवरच्या कागदाकडे चंदाबाईनं पहिल्यांदा नीट पाहिलं. तिला अक्षरं सावकाश लागत, आकडे मात्र लगेच लागत. बारा तिला सापडला.

ती आतल्या खोलीत गेली. पुनम भिंतीशी टेकून पिंकीला पाजत होती. सासूला बघून ती सावरून बसली, हनुवटीवर चिकटलेला कण पदरानं पुसला.

"मामी, मी येतच होती..."

"इकडे पाह्य."

चंदाबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. दिव्यानीनं कसं केलं होतं ते आठवून तिनं पुनमचं तोंड खिडकीकडे वळवलं. पुनम घाबरून आक्रसली. मार बसेल असं तिला वाटलं असावं. चंदाबाईनं चिखलाचा अंगठा लुगड्याला पुसला आणि तिची खालची पापणी ओढली.

आत काही रंगच नव्हता. धुतलेल्या तांदळासारखं पांढरं. तिनं दुसरा डोळा पाहिला. मग पुनमचं नख दाबलं आणि सोडलं. ते तसंच पांढरं राहिलं.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"पिंकी झाली तेव्हापासून. त्याच्या आधीही थोडं..." पुनमचा आवाज बारीक झाला. "मी तांदूळ माहेरी नाई देत, मामी. तुमची शपथ."

"मी विचारलं का?"

"तुम्ही पंजा उमटवून ठेवता. मी पाह्यला होता. मले वाटलं आज नाई खायचं. पण हात जाते."

लेकरू दूध सोडून आजीकडे टकामका बघत होतं. चंदाबाईनं त्याच्या ओठावरचं दूध बोटानं पुसलं. तिला आठवलं, हिला आपणच पाठवलं होतं. पदर घे, नाव माझं सांग, बोलू नको. आणि कालच्या भांडणात ही आत बसून आपल्या आजाराचा आकडा दुसरीच्या नावानं ऐकत होती, आणि आपण ती ऐकते आहे हे जाणून बसलो होतो. मशीनवर ढकलून मोकळं व्हायला आता फक्त संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. नीलाबाई येईल, आपला हात घेईल, चांगला आकडा निघेल. हिला कुणी विचारणार नाही. चहूकडच्या बाया मागे निघून गेलेल्या आणि ही मधोमध एकटी.

बाहेर गाडीचा आवाज आला. रोशन आणि लटारू जेवायला आले होते. दिव्यानीनं ताटं मांडली.

"आई, तू बांधीतून एवढ्या लवकर?" रोशन म्हणाला. "पाहा, अंगात ताकद नाई ना? संध्याकाळी नीलाबाई येऊन राह्यली तुझं रक्त घ्याले."

"तिले फोन कर. येऊ नको म्हणा."

"झालं! पुन्हा सुरू," दिव्यानी ताट आपटत म्हणाली.

"रिपोर्ट चुकला नाई. मशीनही बिघडली नाई," चंदाबाई चौकटीत उभी राहून म्हणाली. "ते रक्त माझं नाई, पुनमचं आहे. शिबिरात मी तिले बसवलं होतं, माझ्या नावानं."

लटारूचा घास हातातच राहिला. रोशननं आधी आईकडे, मग आतल्या खोलीकडे पाहिलं. दिव्यानी उठलीच, वहिनीकडे धावता धावता ती दारात आईसमोर थबकली.

"आई, तू... काऊन?"

"ते मंग विचार. काय शिव्या द्याच्या ते द्या, मी कुठी जात नाई. आता आयका." तिच्या आवाजात टोळीला बांधी वाटून देताना असायचा तोच सूर होता. "पुनम या वर्षी रोवण्याले येणार नाई. आत्ताच्या दुपारच्या गाडीनं मी अन् ती ब्रह्मपुरीले जातो, पिंकी आमच्यासंगं. दिव्यानी, तू संगं चल, तुले तिथली माणसं माहीत आहेत. तिचं तिच्याच नावानं तपासू, भरती करा म्हटलं तर मी तिच्याजवळ राहीन. माझाही हात तिथंच पुढं करीन. टोळी आजपासून झिंगूबाईच्या सुनेच्या हाती; रोशन, आत्ता जाऊन सांग तिले."

"अन् रातच्याले आम्ही जेवाचं काय?" लटारूनं हळूच विचारलं.

"कोठीत तांदूळ आहे," चंदाबाई म्हणाली. "शिजवून खा."